एकाच पेनाच्या दोन सह्या

मी एका लहान नगरपरिषदेत पाणीपुरवठ्याचा लिपिक. 2023 च्या मे महिन्यात सकाळी साडेसहाला वॉलमनचा फोन आला, "साहेब, जॅकवेलची लाईट तोडली." जॅकवेल म्हणजे जिथून गावाचं पाणी उपसतात ती विहीर. तिचं वीजबिल थकलं होतं. नोटीस आवक रजिस्टरला चढवली होती, माझ्याच अक्षरात.

दहाला दारात हंडा मोर्चा. एरवी नगराध्यक्ष पायरीवर येऊन शिव्या खायचे, नगरसेवक आपापल्या वॉर्डातल्या बायकांना बाजूला घेऊन समजूत काढायचे. पण बॉडीची, म्हणजे निवडून आलेल्या सभागृहाची, मुदत संपून वर्ष उलटलेलं, निवडणुकीचा पत्ता नाही. मुख्याधिकारीच प्रशासक, म्हणजे सभागृहाचे अधिकारही त्यांच्याकडेच, आणि ते जिल्ह्याला बैठकीत. पायरीवर उरलो मी.

नगरपरिषदांना घटनेत स्थान देणारी 74वी घटनादुरुस्ती 1993 मध्ये लागू झाली. तिच्यातून आलेल्या बाराव्या अनुसूचीतले, म्हणजे नगरपरिषदांकडे सोपवता येणारे, 18 विषय आम्ही परीक्षेसाठी पाठ केलेत: पाणी, दिवाबत्ती, स्मशान, पार कोंडवाडासुद्धा. पैशांचं मात्र, 1999 ला नगरपरिषदांची जकात गेली, बदल्यात सहाय्यक अनुदान आलं, ते आमच्याकडे पगारातच संपतं. पाणीपट्टी वाढवायचा विषय सभेत निघाला की सगळे पक्ष एक व्हायचे, हे पाप तेवढं आमच्या गावचं.

हे त्या बायकांना काय सांगणार? एका म्हातारीने कमरेची पिशवी सोडली, प्लास्टिकमधून घडी घातलेली पावती काढली आणि माझ्यापुढे धरली. "मार्चातच भरलीय पट्टी. मग माझं पाणी का तोडलं?" पावतीवर सही माझीच. मी म्हटलं, "आजी, संध्याकाळपर्यंत बघतो." कशाच्या जोरावर म्हटलं, देव जाणे.

साहेब चारला आले. थकबाकीचा काही हप्ता भरायचा प्रस्ताव मी तयारच ठेवला होता. मुख्याधिकारी म्हणून त्यांनी 'मान्यतेस्तव सादर'खाली सही केली. मी पान उलटलं, शिक्का बदलला. त्याच पेनाने प्रशासक म्हणून 'मान्य'. पूर्वी याच विषयावर सभेत दोन तास भांडणं व्हायची, एकदा तर माईक तुटला होता. आज पाच मिनिटं. खोटं कशाला बोलू, त्या क्षणी मला बरंच वाटलं. मग खिडकीतून रिकाम्या हंड्यांची रांग दिसली. त्यांच्या वतीने भांडायला सभागृहात कोणीच नव्हतं.

लाईट साडेआठला जोडली. टाकी भरून म्हातारीच्या गल्लीचा वॉल्व्ह उघडायला साडेअकरा वाजले. पहिलं पाणी गढूळच आलं.