जन्मतारखेवर अडलेला लिबरेटर

दुसऱ्या महायुद्धात बंगालमधल्या दिग्री किंवा सालबनीच्या तळावरून ब्रह्मदेशावर जाणाऱ्या ब्रिटिश हवाई दलाच्या लिबरेटर बॉम्बरचा माग काढणं वाटतं तेवढं अवघड नाही. विमान सापडतं, क्रू सापडतो. घोडं अडतं ते एकेका माणसाचं सर्व्हिस रेकॉर्ड मागवताना.

सोपं ते आधी उरकतो. लंडनच्या नॅशनल आर्काइव्ह्जमधल्या ‘एआयआर २७’ या मालिकेत स्क्वाड्रनच्या नोंदवह्या आहेत. त्यातला फॉर्म ५४० म्हणजे स्क्वाड्रनची रोजनिशी. वाचायला झकास, पण कामाचा फॉर्म ५४१. विमानाचा नंबर, क्रूची नावं, उड्डाणाची वेळ, परतीची वेळ आणि मोहिमेचा तपशील, सगळं त्यात. परतीच्या रकान्यात वेळच नसेल आणि तपशिलात ‘मिसिंग’ असेल, तर तेच तुमचं विमान.

आता सर्व्हिस रेकॉर्डसाठीचा अर्ज. माझा परत आला तो मृत्यूचा दाखला जोडला नाही म्हणून. ज्याची कबरच सापडली नाही, ज्याचं नाव सिंगापूरला क्रांजीच्या स्मारकावर इतर बेपत्त्यांबरोबर कोरलंय, त्याचा दाखला आणायचा कुठून? आणि गंमत म्हणजे सेवेत असताना मृत्यू आला असेल तर दाखला लागत नाही, हे अर्जाच्या सूचनांमध्येच छापलेलं. अशा वेळी वाद घालण्यात अर्थ नसतो. युद्धात गेलेल्यांच्या कबरी आणि स्मारकं सांभाळणाऱ्या कॉमनवेल्थ वॉर ग्रेव्ह्ज कमिशनच्या साइटवरचं त्या माणसाचं पान छापून जोडा, सूचनेतलं ते वाक्य पत्रात जसंच्या तसं उतरवा आणि अर्ज पुन्हा धाडा.

मग पुढची मेख: अचूक जन्मतारीख. कमिशनच्या नोंदीत फक्त वय असतं, तेही सगळ्यांचं नाही. फेब्रुवारी १९४५ मध्ये २३ वर्षांचा, म्हणजे जन्म १९२१ च्या फेब्रुवारीपासून १९२२ च्या फेब्रुवारीपर्यंत कधीही. इंग्लंडच्या जन्मनोंदणीच्या सूचीत त्या काळासाठी तारीख नसते, नुसती तिमाही असते. त्यातही नोंदणी जन्मानंतर काही आठवड्यांनी व्हायची, त्यामुळे डिसेंबरातलं पोर मार्चच्या तिमाहीत निघतं. आडनाव टेलर किंवा विल्सन असलं आणि गाव मँचेस्टर, तर बसा मोजत. चाळणी लावायची ती आईच्या माहेरच्या आडनावाची. १९११ च्या सप्टेंबर तिमाहीपासून ते सूचीत येतं. कमिशनच्या नोंदीत आईवडिलांची पहिली नावं बऱ्याचदा असतात. त्यावरून त्यांचं लग्न शोधायचं (१९१२ पासून लग्नाच्या सूचीत जोडीदाराचं आडनावही आहे), तिथून माहेरचं आडनाव आणि मग मुलगा. एवढं करून हाती येते ती तिमाहीच. तारखेसाठी जन्मदाखला पैसे भरून मागवायचा.

ते पैसे भरण्याआधी १९३९ चं रजिस्टर बघा. २९ सप्टेंबर १९३९ ला इंग्लंड आणि वेल्समध्ये घरोघर जाऊन नोंद झाली, पूर्ण जन्मतारखेसह. युद्ध सुरू झाल्यावर भरती झालेली पोरं त्या दिवशी आईवडिलांच्या घरीच होती, म्हणून ती त्यात सापडतात. आधीपासून लष्करात असलेले सापडत नाहीत. शंभर वर्षं न झालेल्यांच्या नोंदी झाकलेल्या असतात, पण १९२१-२२ चे आता उघडे झालेत. स्कॉटलंडचं रजिस्टर वेगळं, तिथं वेगळा अर्ज.

हे सगळं पुरवल्यावर उत्तर काय? ‘अर्ज रांगेत आहे.’

म्हणून सांगतो, ब्रिटिश पायलटच्या फाइलीवर अडून बसू नका. त्याच क्रूमध्ये एखादा ऑस्ट्रेलियन आहे का ते आधी बघा. लिबरेटरच्या क्रूमध्ये आठ-दहा माणसं असायची आणि ती बऱ्याचदा मिश्र असत. सर्व्हिस नंबर ४ ने सुरू होणारा सहा आकडी असेल तर माणूस बहुधा ऑस्ट्रेलियन. आर किंवा जे अक्षर असेल तर कॅनेडियन. ऑस्ट्रेलियाच्या नॅशनल आर्काइव्ह्जमध्ये ‘ए ७०५’ ही अपघात आणि मृत्यूंच्या फाइलींची मालिका आहे. स्कॅन झालेली फाइल घरबसल्या फुकट वाचता येते. एका गनरच्या फाइलीत अख्ख्या क्रूची यादी, विमान बेपत्ता झाल्याची तार, घरच्यांशी झालेला पत्रव्यवहार, युद्धानंतरच्या शोधपथकाचा अहवाल, असं काय काय निघतं. युद्धात गेलेल्या कॅनेडियनांच्या फाइलीही स्कॅन झाल्या आहेत.

क्रू कैद झाल्याचा संशय असेल तर लंडनच्या नॅशनल आर्काइव्ह्जमधल्याच ‘डब्ल्यूओ ३२५’ आणि ‘डब्ल्यूओ २३५’ या युद्धगुन्ह्यांच्या मालिका चाळा. १५९ स्क्वाड्रनचा वायरलेस ऑपरेटर स्टॅनली वुडब्रिज याला जपान्यांनी फेब्रुवारी १९४५ मध्ये ठार मारलं. त्याला मरणोत्तर जॉर्ज क्रॉस हे शौर्यपदक मिळालं. अशा प्रकरणांत साक्षीदारांच्या जबान्या नोंदवहीपेक्षा कितीतरी जास्त सांगतात.

विमानाच्या नंबराबद्दल. नोंदवहीत कधी पूर्ण सीरियल असतं, कधी नुसतं स्क्वाड्रनने विमानाला दिलेलं अक्षर, ‘एफ’ किंवा ‘आर’. त्या अक्षरावर विसंबू नका. विमान गेलं की तेच अक्षर बदली आलेल्या विमानाला मिळायचं. आरएएफ (ब्रिटिश हवाई दल) म्युझियमकडच्या फॉर्म ७८ च्या, म्हणजे विमानांच्या हालचालींच्या, कार्डांवरूनही परदेशी गेलेल्या विमानांचं फारसं कळत नाही, आणि ‘स्ट्रक ऑफ चार्ज’ची तारीख म्हणजे विमान पडल्याची तारीख नव्हे, ती कागदावरून विमान वजा केल्याची. युद्धातून वाचलेलं विमान असेल तर पुढचा धागा भारतात लागू शकतो. कानपूरला टाकून दिलेली लिबरेटर एचएएलने दुरुस्त केली आणि ती १९६८ पर्यंत भारतीय हवाई दलात उडाली. ९९ स्क्वाड्रनचं ‘केएन ७५१’ इथं ‘एचई ८०७’ झालं, पुण्याच्या ६ स्क्वाड्रनमध्ये राहिलं आणि आता ते ब्रिटनच्या आरएएफ म्युझियममध्ये आहे.

हां, सार्जंटचा ऑफिसर झालेल्याला दोन सर्व्हिस नंबर असतात. अर्जात दोन्ही लिहा. ऑफिसरचा लंडन गॅझेट या ब्रिटिश सरकारी राजपत्रात मिळतो. आणि मोहीम रात्रीची असेल तर नोंदवहीत उड्डाणाची तारीख असते, कमिशनकडे बऱ्याचदा दुसऱ्या दिवशीची. क्रूची नावं शोधताना एक दिवस मागेपुढे बघायचं.