तळ्यावरचा पेपर परत का येतो

‘अमुक तालुक्यातल्या तमुक तलावाच्या पाण्याचे भौतिक-रासायनिक गुणधर्म’ या धाटणीचे पेपर आपल्याकडे ढिगानं लिहिले जातात. दोन वर्षं, दर महिन्याला, तीन ठिकाणांहून नमुने. तापमान, सामू, डीओ (विरघळलेला ऑक्सिजन), बीओडी (सेंद्रिय घाण कुजवताना जिवाणूंना लागणारा ऑक्सिजन), कठीणपणा, क्लोराइड, नायट्रेट, फॉस्फेट असे चौदा-पंधरा रकाने. शेवटी ‘तलाव सुपोषणाच्या वाटेवर आहे’ हे वाक्य, म्हणजे पोषकं वाढून पाणी शैवालानं भरत चाललंय. त्यामागची मेहनत अस्सल असते. भर उन्हात होडीतून फिरायचं आणि बाटल्या बर्फात घालून एसटीनं कॉलेजपर्यंत आणायच्या, हे खायचं काम नाही. पण हाच मजकूर ‘हायड्रोबायोलॉजिया’ किंवा ‘फ्रेशवॉटर बायोलॉजी’सारख्या आंतरराष्ट्रीय जर्नलला पाठवला तर तो बहुधा रिव्ह्यूअरपर्यंत, म्हणजे पेपर तपासणाऱ्या तज्ज्ञापर्यंत, पोचतही नाही, संपादकाच्या टेबलावरूनच परत येतो. इंग्रजी कच्चं म्हणून परत आला अशी आपली समजूत होते. ती बहुतेक वेळा चुकीची असते. तो पेपर तळ्याच्या काठावरच, पहिली बाटली भरायच्या आधी फसलेला असतो.

मुख्य उणीव प्रश्नाची. पंधरा रकाने भरले, पण कशासाठी भरले हे पेपरात कुठेच नसतं.

उजनीचं उदाहरण घेऊ. हा जलाशय उन्हाळ्यात मृतसाठ्यात जातो आणि बातम्यांत ‘उणे’ टक्के येऊ लागतात. अशा जलाशयात ऑक्टोबरात ज्या जीपीएस बिंदूखाली बारा मीटर पाणी असतं, तिथे मे महिन्यात तीन मीटर उरू शकतं किंवा चक्क भेगाळलेली जमीन असते. ‘स्टेशन १’ हे नाव तेच राहतं, ठिकाण मात्र पार बदललेलं असतं. पाणी उथळ झालं की वाऱ्यानं गाळ ढवळतो आणि गाळातला फॉस्फरस वर येतो. मग ‘उन्हाळ्यात फॉस्फेट वाढले’ एवढंच लिहिलं तर ते ऋतूमुळे वाढलं की पातळी उतरल्यामुळे, हे वाचणाऱ्याला कसं कळणार? दर फेरीला खोली मोजलेली असेल तर सगळं चित्र पालटतं. त्याला लागतं काय, तर दर अर्ध्या मीटरवर गाठ मारलेली दोरी आणि खाली वजन. शेजारच्या रकान्यात जलसंपदा विभागाची रोजची पाणीपातळी भरा. आता त्याच चोवीस फेऱ्यांतून खरा प्रश्न उभा राहतो: क्लोरोफिलचा, म्हणजे पाण्यातल्या शैवालाचा, चढउतार पातळीशी जास्त जुळतो, की पुण्याकडून मुळा-मुठेतून भीमेत आणि तिथून जलाशयात येणाऱ्या पाण्याशी? या प्रश्नाला वाचक आहे, कारण पाणी मोठ्या प्रमाणात वरखाली होणारे जलाशय जगभर आहेत.

तीन स्टेशनांचं गणितही इथेच सांगतो. एका तलावातल्या तीन जागा म्हणजे तीन तलाव नव्हेत. ३ जागा गुणिले २४ महिने करून ७२ स्वतंत्र नोंदी धरल्या आणि त्यावर अनोव्हा (गटांच्या सरासऱ्यांची तुलना करणारी सांख्यिकी चाचणी) चालवला, की रिव्ह्यूअर हर्लबर्टच्या १९८४च्या निबंधाकडे बोट दाखवतो. खोट्या पुनरावृत्तीवरचा तो निबंध परिसरशास्त्रात आजही पहिला आठवतो. जानेवारीचं पाणी फेब्रुवारीच्या पाण्याशी बांधलेलं असतं. म्हणून एकाच जागेच्या नोंदी एकमेकींशी बांधलेल्या धरणारं मिश्र प्रारूप वापरा, त्यात जागा ‘रँडम इफेक्ट’ म्हणून घ्या आणि महिन्यामहिन्यांतला सहसंबंध तपासा. हे जमत नसेल तर आलेख स्वच्छ काढा आणि दावा लहान ठेवा. लहान दाव्याचा प्रामाणिक पेपर छापला जातो.

आता आकड्यांकडे. विरघळलेल्या ऑक्सिजनच्या शेजारी घड्याळाची वेळ नसेल तर तो आकडा वाया जातो. हिरव्यागार तळ्यात पहाटे डीओ लिटरला २ मिलिग्रॅम आणि दुपारी तीनला १२ असणं अगदी शक्य आहे. रात्रभर सगळे जीव श्वसन करतात, दिवसा शैवाल ऑक्सिजन सोडतं. समुद्रसपाटीला ३० अंश तापमानाला संपृक्त पाण्यात लिटरला साधारण ७.६ मिलिग्रॅम मावतो. तेव्हा दुपारी आलेल्या १२ मिलिग्रॅमला ‘पाण्याची गुणवत्ता उत्तम’ म्हणणं म्हणजे आजाराच्या खुणेलाच तब्येत म्हणणं. डीओ मोजायच्या विंकलर पद्धतीत ३०० मिलीची बाटली बुडबुडा न राहू देता भरायची. मँगनस सल्फेट आणि अल्कधर्मी आयोडाइड-अझाइड पिपेटचं टोक पाण्यात बुडवून होडीतच घालायचं. काठावर येईपर्यंत थांबलात तर बाटलीतले जीव ऑक्सिजन खात राहतात. पेपरात ‘विंकलर पद्धत’ हे दोन शब्द पुरत नाहीत. नमुना किती वाजता, किती खोलीवरून घेतला आणि जागेवर स्थिर केला की नाही, हे लिहा.

फॉस्फेटच्या रकान्यात सर्वांत जास्त पेपर बुडतात. ‘फॉस्फेट ०.३ मिग्रॅ/लि’ लिहिलंय. पण हे फॉस्फेट म्हणून, की फॉस्फेटमधला फॉस्फरस म्हणून? दोन्हींत ३.०७ पटींचा फरक आहे. नायट्रेटचं तेच, तिथे फरक ४.४३ पटींचा. पिण्याच्या पाण्याच्या मानकातली नायट्रेटची लिटरला ४५ मिलिग्रॅमची मर्यादा नायट्रेट म्हणून आहे. नायट्रोजन म्हणून ती साधारण १० होते. प्रयोगशाळेनं एका रूपात दिलेला आकडा पेपरात दुसऱ्या रूपात तुलनेला लावला, की निष्कर्षच उलटतो. तक्त्याच्या डोक्यावर ‘फॉस्फेट-फॉस्फरस, मायक्रोग्रॅम/लिटर’ असं पूर्ण लिहा.

मापनाची मर्यादाही सांगायलाच हवी. फॉस्फेटला निळा रंग आणून मोजायच्या मॉलिब्डेनम ब्ल्यू पद्धतीत ८८० नॅनोमीटरला लिटरमागे १० मायक्रोग्रॅम फॉस्फरसचं प्रकाश-शोषण १ सेंटिमीटरच्या क्युव्हेटमध्ये (नमुना ठेवायच्या पारदर्शक नळीत) ०.००७ च्या आसपास येतं. कॉलेजमधल्या साध्या यंत्रावर एवढं तर नुसत्या थरथरीत जातं. ५ सेंटिमीटरचा क्युव्हेट वापरला की तेच शोषण पाचपट होतं आणि आकड्याला अर्थ येतो. बऱ्याच कॉलेजांत अजून स्टॅनस क्लोराइडची पद्धत चालते. तिथे स्टॅनस क्लोराइड घातल्यावर १० मिनिटांनी, पण १२ मिनिटांच्या आतच वाचन घ्यावं लागतं. वीस बाटल्या एकदम लावल्या तर विसाव्या बाटलीचा रंग वेगळ्याच वेळी वाचला जातो. आणि भांडी घासायच्या पावडरनं धुतलेली काचेची भांडी हा फॉस्फेट वाढण्याचा नेहमीचा उगम आहे. १० टक्के हायड्रोक्लोरिक आम्लात बुडवून, मग ऊर्ध्वपातित पाण्यानं खळबळून घ्या. प्रत्येक बॅचला एक कोरा नमुना (तळ्याच्या पाण्याऐवजी नुसतं ऊर्ध्वपातित पाणी) चालवा आणि त्याचं वाचन पेपरासोबतच्या पुरवणीत द्या. पुरवणीत कोऱ्या नमुन्याची वाचनं दिसली की रिव्ह्यूअरचा विश्वास वाढतो. मर्यादेखालचा आकडा ‘०’ लिहू नका, ‘<५’ असा लिहा.

याच्याच शेजारी पिण्याच्या पाण्याच्या मानकाशी तुलना आणि ‘वॉटर क्वालिटी इंडेक्स’, म्हणजे सगळे घटक एकत्र करून काढलेला एकच गुण, येतो. माझं स्पष्ट मत आहे की परिसंस्थेच्या पेपरात त्याला जागा नाही. आयएस १०५०० हे पिण्याच्या पाण्याचं भारतीय मानक माणसानं काय प्यावं यासाठी आहे. त्यात फॉस्फेटला मर्यादाच नाही, आणि तळं बिघडतं ते फॉस्फरसनं. ओईसीडी या आंतरराष्ट्रीय संघटनेच्या १९८२च्या तलावांच्या वर्गवारीत एकूण फॉस्फरसची सरासरी लिटरला ३५ मायक्रोग्रॅमच्या वर गेली की तळं सुपोषित धरतात. पिण्याच्या मानकात ‘पास’ झालेलं पाणी तळं म्हणून पुरतं नासलेलं असू शकतं.

तळं किती सुपोषित आहे ते गुणांत सांगणारा कार्लसनचा निर्देशांक जरा जवळून बघू, कारण आपल्याकडे तो सर्रास वापरतात. १९७७ साली ‘लिम्नॉलॉजी अँड ओशनोग्राफी’त तो आला. सेकी डिस्कवरून, म्हणजे पाण्यात सोडलेली तबकडी किती खोलीला दिसेनाशी होते त्यावरून, गुण काढायचे तर ६० मधून, १४.४१ गुणिले मीटरमधल्या त्या खोलीचा नैसर्गिक लॉगॅरिदम, एवढं वजा करायचं. समजा ऑगस्टमध्ये डिस्क ०.५ मीटरला दिसेनाशी झाली. गुण आले ७०, म्हणजे तळं भलतंच सुपोषित. त्याच दिवशीचं क्लोरोफिल-अ लिटरला ५ मायक्रोग्रॅम आहे. क्लोरोफिलचं सूत्र: ९.८१ गुणिले त्या आकड्याचा नैसर्गिक लॉगॅरिदम, अधिक ३०.६. गुण आले ४६, म्हणजे मध्यम. एकाच तळ्याचे, एकाच दिवसाचे दोन निकाल! चूक गणितात नाही. कार्लसननं धरलंय की पाणी शैवालामुळे गढूळ होतं, आणि आपल्याकडे पावसाळ्यात ते मातीनं गढूळ होतं. या दोन आकड्यांची सरासरी काढून ‘५८, सुपोषित’ लिहिणारे पेपर पुष्कळ आहेत, आणि ते परत येतात. खरं तर ही तफावत हाच निष्कर्ष आहे. प्रकाश मातीनं अडवलाय, पोषकं असूनही शैवाल वाढत नाही, हे त्यातून दिसतं. सरासरी न काढता दोन रेषा बारा महिने शेजारी काढा. कुठल्या महिन्यात त्या एकमेकींना भेटतात ते बघा. तिथे पेपराचा गाभा आहे.

अर्थात त्यासाठी क्लोरोफिल नीट मोजलेलं हवं. काचतंतूच्या फिल्टरवर गाळायचं, फिल्टर लगेच फॉइलमध्ये गुंडाळून गोठवायचा, ९० टक्के ॲसिटोनमध्ये अंधारात थंडीत रात्रभर ठेवायचा, सेंट्रिफ्यूज करून वाचायचं. ७५० नॅनोमीटरचं वाचन वजा केलं नाही तर द्रावणातला गढूळपणाच क्लोरोफिल म्हणून मोजला जातो. किती मिली पाणी गाळलं ते दर वेळी लिहा. मातकट पाण्यात फिल्टर १०० मिलीतच तुंबतो आणि हिवाळ्यात लिटरभर जातं.

प्लवंगांबद्दल, म्हणजे पाण्यात तरंगणाऱ्या सूक्ष्म जीवांबद्दल, एवढंच: जाळीनं पकडलेल्या वनस्पती-प्लवंगांची ‘प्रति लिटर संख्या’ देऊ नका. बारीक पेशी जाळीतून निसटतात. मोजणीसाठी आख्खं पाणी घ्यायचं, कोऱ्या चहासारखा रंग येईपर्यंत ल्युगॉल (आयोडिनचं द्रावण) घालायचं आणि बसू द्यायचं. प्राणी-प्लवंगांसाठी जाळी चालते. तोंड ३० सेंटिमीटरचं, ओढ ५ मीटरची, तर साधारण ३५० लिटर पाणी गाळलं जातं, पण जाळी शैवालानं तुंबली नाही तरच.

नावं तपासणं हे अर्ध्या दिवसाचं काम, आणि तेच राहून जातं. तरंगणाऱ्या ॲनाबिनाच्या बऱ्याच जाती आता डॉलिकोस्पर्मम वंशात गेल्यात. सिलिंड्रोस्पर्मॉप्सिस रॅसिबोर्स्की आता रॅफिडिऑप्सिस आहे. जलपर्णी आयकॉर्नियातून पॉन्टेडेरियात गेली. पुंटियस वंशातले आपले कित्येक मासे २०१२पासून पेथिया, डॉकिन्सिया वगैरे झालेत. शैवालांसाठी अल्गीबेस आणि माशांसाठी एश्मायरची सूची या ऑनलाइन नावसूची उघडून एकेक नाव ताडून घ्या. जुन्या ओळख-पुस्तकातलं नाव जसंच्या तसं दिसलं की रिव्ह्यूअर पुढच्या सगळ्या यादीकडे संशयानं बघतो. शंकास्पद जातींचे मोजपट्टीसह फोटो पुरवणीत द्या.

काम अभयारण्यात असेल, म्हणजे जायकवाडीचा नाथसागर किंवा नांदूर मध्यमेश्वर, तर वनविभागाच्या परवानगीचा क्रमांक पेपरात लागतो. तो नंतर मिळत नाही.

जर्नल निवडताना आधी आपण ज्यांचे निबंध वाचले ते कुठे छापलेत हे बघा. आंतरराष्ट्रीय सरोवरविज्ञान संस्थेचं ‘इनलँड वॉटर्स’ आहे. व्यवस्थापनाच्या अंगानं लिहिलं असेल तर ‘लेक्स अँड रिझर्व्हॉयर्स’ आहे, प्राण्यांच्या नोंदी असतील तर कोइंबतूरचं ‘जर्नल ऑफ थ्रेटन्ड टॅक्सा’ आहे. मोठ्या प्रकाशकांच्या मिश्र जर्नलमध्ये ‘ओपन ॲक्सेस’चा (सर्वांना फुकट वाचता येण्याचा) पर्याय न घेता वर्गणीच्या मार्गानं छापलं तर लेखकाला सहसा फी पडत नाही. स्वीकार झाल्यावरच्या फॉर्ममध्ये नीट बघून खूण करा. यूजीसीची केअर यादी, म्हणजे मान्य जर्नलांची यादी, फेब्रुवारी २०२५मध्ये बंद झाली, त्यामुळे पारख आता आपल्यालाच करायची आहे. तीन दिवसांत रिव्ह्यूची हमी, कधी न ऐकलेल्या एजन्सीचा ‘इम्पॅक्ट फॅक्टर’, मेलमध्ये ‘आदरणीय प्राध्यापक’ आणि खाली यूपीआय, असं दिसलं की तिथून निघा. तिथे छापलेला डेटा दुसरीकडे पुन्हा छापता येत नाही, दोन वर्षांची मेहनत तिथेच अडकते.

रिव्ह्यू आले की प्रत्येक मुद्द्याला क्रमांक द्या. त्यांचं वाक्य, खाली आपलं उत्तर, खाली बदललेली ओळ. पटलं नाही तर पुराव्यानिशी तसं लिहा. तरुण परिसरशास्त्रज्ञ रेमंड लिंडेमनचा अमेरिकेतल्या मिनेसोटातल्या सीडार बॉग लेकवरचा निबंध ‘इकॉलॉजी’ या जर्नलकडे गेला, तेव्हा चॅन्सी ज्युडे आणि पॉल वेल्च या दोघा बड्या सरोवरतज्ज्ञांनी तो नाकारायला सांगितलं: तर्क फार, आधार तोकडा. लिंडेमनचे मार्गदर्शक हचिन्सननी संपादकांना पत्र लिहून बाजू मांडली, लिंडेमननी मजकूर सुधारला आणि १९४२मध्ये तो छापून आला. त्याआधीच, त्याच वर्षी जूनमध्ये, वयाची २७ वर्षंही पूर्ण व्हायच्या आत लिंडेमन गेले होते. अन्नसाखळीतल्या ऊर्जेचा आजचा सगळा विचार त्या निबंधावर उभा आहे.

शेवटचं काम डेटाचं. झेनोडो या संशोधन-डेटा साठवायच्या संकेतस्थळावर फाइल चढवायला पैसे लागत नाहीत, डीओआय (कायमचा ओळख-क्रमांक) मिळतो आणि तो पेपरात देता येतो. फाइल साधी सीएसव्ही ठेवा, रंगवलेले किंवा जोडलेले रकाने नकोत. तारीख, वेळ, अक्षांश, रेखांश, त्या दिवशीची एकूण खोली, नमुन्याची खोली, घटक, आकडा, एकक, मर्यादेखाली आहे का, पद्धत, असे अकरा रकाने आणि एका ओळीत एकच मापन. सोबत एक साधी मजकूर फाइल: यंत्राचं मॉडेल, अंशांकन (कॅलिब्रेशन) कधी केलं, कुठली फेरी चुकली आणि का. पुरामुळे जुलैत होडी गेली नाही तर तसं लिहा आणि तो महिना रिकामा सोडा. जून आणि ऑगस्टच्या मधला आकडा काढून तिथे भरू नका.