एका फोनसाठी सात आठवडे

माझ्या थोरल्या भावाला, दादाला, सांगलीत तीन दिवस कमरेत कळ येत होती. त्यानं मलम लावलं, शेक घेतला. चौथ्या रात्री तो न्हाणीघरात कोसळला. मिरजेच्या हॉस्पिटलात स्कॅन झाला तेव्हा कळलं, पोटातली महाधमनी, म्हणजे हृदयातून निघणारी मुख्य रक्तवाहिनी, फुगून फुटली होती. पहाटे तो गेला. वय ७२, बिडी चाळीस वर्षांची.

मी इंग्लंडमध्ये स्लाऊला राहतो. मीही पंचविशीपासून पन्नाशीपर्यंत सिगारेट ओढली. भावाला हे झालं असेल तर आपल्यालाही धोका वाढतो, हे वाचल्यापासून झोप लागेना. इथं पुरुषाला ६५ वर्षं पूर्ण होतात त्या एप्रिल ते मार्चच्या वर्षात सरकारी आरोग्यसेवेकडून ही महाधमनी मोजायच्या तपासणीचं पत्र घरी येतं. फुकट. २००९ला सुरुवात झाली आणि २०१३पर्यंत सगळ्या इंग्लंडभर पोचलं. मला मात्र पत्र आलंच नाही. त्या वर्षी मी आईच्या आजारपणासाठी सव्वा वर्ष सांगलीला होतो आणि इथल्या जीपीच्या, म्हणजे सरकारी सेवेतल्या आपल्या नेहमीच्या डॉक्टरच्या, यादीतून माझं नाव निघालं होतं. आता मी ६८चा.

आणि इथूनच सगळं अडलं.

सकाळी आठच्या ठोक्याला जीपीच्या दवाखान्यात फोन लावायचा, असा नियम. आठ वाजता लावला की रांगेत तेविसावा नंबर. माझी पाळी आली तेव्हा रिसेप्शनवरची बाई म्हणाली, आजच्या वेळा संपल्या, उद्या करा. असं चार दिवस. पाचव्या दिवशी तिला सगळं सांगितलं. तिचं उत्तर, "त्याला डॉक्टरांची चिठ्ठी लागते." मग ऑनलाइन फॉर्म. फॉर्ममध्ये पहिला प्रश्न, त्रास काय होतो? काहीच होत नाही. हा फुगा बहुतेकदा फुटेपर्यंत काहीच त्रास देत नाही, म्हणून तर तपासायचा! तसं लिहिलं. तीन दिवसांनी निरोप आला: लक्षणं नसल्यास तातडी नाही. तीन आठवड्यांनी डॉक्टर फोन करतील.

त्या तीन आठवड्यांत पोटावर हात ठेवून ठोके मोजत बसायचो. हिनं शेवटी हात धरून बाजूला केला. डॉक्टरांचा फोन आला तो चार मिनिटांचा. ते बदलीवर आलेले. म्हणाले, पत्र ६५व्या वर्षी येतं, तुमचं वय उलटलं, मी विचारून कळवतो. दोन आठवडे कुणी कळवलं नाही. मी प्रत्यक्ष जाऊन उभा राहिलो, तर "नोंद दिसत नाही."

सुटका झाली ती कोपऱ्यावरच्या औषधाच्या दुकानात. रक्तदाबाच्या गोळ्या घेताना फार्मासिस्टला बोललो. तो म्हणाला, "६५च्या पुढच्या पुरुषांनी आधी तपासणी केली नसेल तर चिठ्ठी लागत नाही. आपल्या भागातल्या तपासणी केंद्राला स्वतः फोन करायचा." त्यानंच नंबर शोधून दिला. नाव, जन्मतारीख, पत्ता. सहा मिनिटांत काम झालं. सात आठवडे मी चुकीच्या दारात उभा होतो, आणि त्या दारातल्या एकालाही हे ठाऊक नव्हतं. याचा राग अजून जात नाही. दादाकडे तर चारच दिवस होते.

तपासणी दहा मिनिटांची. उपाशी राहायचं नसतं, मी उगाच नाश्ता सोडला. शर्ट वर करायचा, गार जेल, मग तपासणारी मुलगी यंत्र फिरवते आणि उभं-आडवं असं दोनदा मोजते. निकाल तिथल्या तिथे. ३ सेंटिमीटरच्या आत असेल तर आयुष्यात पुन्हा यायला नको. माझा आकडा ३.६.

म्हणजे लहान फुगा. ऐकताना हातपाय गार पडले, पण तिनं नीट समजावलं: ४.४पर्यंत वर्षातून एकदा मोजायचं, ४.५ ते ५.४ असेल तर दर तीन महिन्यांनी, आणि ५.५ झाला की रक्तवाहिन्यांच्या सर्जनकडे. फुटल्यावर दहातले आठ जण वाचत नाहीत, आणि ठरवून केलेल्या शस्त्रक्रियेत मात्र बहुतेक सगळे वाचतात. पुढे नर्सनं बोलावून रक्तदाब, कोलेस्टेरॉलची गोळी, चालणं हे सगळं लावून दिलं. सिगारेट ओढत असाल तर आजच सोडा. फुगा वाढण्याचा वेग त्यानं वाढतो.

एक राहिलं. जीपीच्या यादीतून नाव निघतं ते बराच काळ परदेशी राहिल्यावर. भारतात वर्षभर राहून परतलात तर आधी पुन्हा नोंदणी झाली का ते बघा, आणि ६५ त्याच काळात उलटलं असेल तर पत्राची वाट बघू नका.

सांगलीला माझी धाकटी बहीण आहे, ६६ची. भारतात असं पत्र कुणाला येत नाही, आणि इथंही बायकांना येत नाही, कारण त्यांच्यात हे बरंच कमी. पण सख्खा भाऊ गेला आहे. तिला सांगितलं, नुसती पोटाची सोनोग्राफी नको, डॉक्टरांकडून चिठ्ठीवर "महाधमनीचा व्यास मोजणे" असं लिहून घे, आणि रिपोर्टमध्ये आकडा आला नाही तर तिथंच विचार. काल तिनं रिपोर्टचा फोटो पाठवला. १.७.