पेनमायनमौर: खडीची गाडी आणि ओळखीचा आवाज

पेनमायनमौरला उतरायचं असेल तर गाडीत चढल्या चढल्या गार्डला सांगून ठेवा. उत्तर वेल्सच्या किनाऱ्यावरचं हे स्टेशन विनंतीथांबा आहे. सांगितलं नाही तर गाडी थेट पुढे निघून जाते. परतताना फलाटावर ड्रायव्हरला लांबून दिसेल असं उभं राहून हात करायचा, आपण एसटीला करतो तसाच.

मी मँचेस्टरहून चेस्टरमार्गे लँडुड्नो जंक्शनला आलो आणि तिथे गाडी बदलली. पुढच्या दहाएक मिनिटांत मोबाइल खिशात ठेवा. नदीवर गाडी रॉबर्ट स्टीफनसनच्या लोखंडी नळीसारख्या पुलात शिरते आणि बाहेर पडते ती थेट कॉन्वीच्या किल्ल्याच्या पायथ्याशी. मग बोगदे, आणि उजवीकडे समुद्र.

स्टेशन छोटंसं, दोन फलाटांचं. डोंगर आणि समुद्राच्या मधल्या चिंचोळ्या पट्टीत रूळही आहेत आणि ए५५ महामार्गही, त्यामुळे मोटारींचा आवाज सतत कानावर येतो. वेल्शमध्ये पेन म्हणजे टोक, मायन म्हणजे दगड, मौर म्हणजे मोठा. या दगडाच्या कुऱ्हाडी नवाश्मयुगातली माणसं घडवत, आणि त्या ब्रिटनभर दूरदूर सापडल्या आहेत. पुढे इथले घडीव चौकोनी दगड शहरांच्या रस्त्यांवर बसले, मग रुळांखाली खडी गेली. डोंगराचा माथा खाणीने कापून खाली आणला. ब्राइख-अ-दिनास हा प्राचीन डोंगरी कोटही त्यातच नाहीसा झाला. ते बघून मन खट्टू होतं.

मी आलो होतो इंजिनासाठी. साइडिंगमध्ये, म्हणजे बाजूच्या रुळावर, क्लास ६६ जातीचं डिझेल इंजिन उभं होतं, मागे रिकाम्या वाघिण्या, म्हणजे मालडबे. पहिली खडी पडली तेव्हा पत्र्याचा दणदणाट झाला; वाघीण भरत गेली तसा तो आवाज जड, बसका होत गेला. आणि त्याखाली इंजिनाची संथ घुमघुम. ती ऐकून मी जागीच थांबलो. क्लास ६६ मध्ये ईएमडी या अमेरिकी कंपनीचं बारा सिलिंडरचं, टू-स्ट्रोक ७१० इंजिन असतं. आपल्याकडे मालगाड्या ओढणाऱ्या डब्ल्यूडीजी-४ मध्ये त्याच घराण्यातलं सोळा सिलिंडरचं. कोकण रेल्वेच्या घाटात लहानपणापासून ऐकलेला हा आवाज. २०२२ मध्ये त्या मार्गाचं विद्युतीकरण पूर्ण झालं, आणि गावी गेलो की आता तो क्वचितच कानी पडतो. इथे मात्र रुळांवर अजून तारा नाहीत. ब्रिटिश रेल्वेवेडे क्लास ६६ ला ‘शेड’, म्हणजे टपरी, म्हणून हिणवतात. मला ते पटत नाही.

आता मुद्द्याचं. मालगाडी रोज येईलच असं धरून निघू नका. रिअलटाइम ट्रेन्स या गाड्यांच्या वेळा दाखवणाऱ्या वेबसाइटवर आदल्या रात्री आणि पुन्हा सकाळी बघा. वेळापत्रकात दिसलेली मालगाडी त्या दिवशी धावतेच असं नाही. फोटोसाठी सकाळ बरी, कारण डोंगर दक्षिण-पश्चिमेला आहे आणि दुपारनंतर ऊन समोरून येतं. पिवळ्या रेषेच्या मागे राहा, फ्लॅश अजिबात नको. साइडिंगमध्ये किंवा खाणीत शिरायचं नाही, फलाटावरून पुरेसं दिसतं. वारा बोचरा असतो. उन्हाळ्यातही कानटोपी घ्या. पोळीभाजीचा डबा सोबत असला की मध्येच गावात जावं लागत नाही.

दिवस हाताशी असेल तर बँगॉरजवळच्या पेनरिन कॅसलला जा, उघडण्याचे दिवस आधी बघून. याच खाणीत राबलेलं ‘वॉटकिन’ हे उभ्या बॉयलरचं, १८९३ सालचं वाफेचं इंजिन तिथे जपलं आहे. एवढंसं ते, लहान मुलांना फार आवडेल.

पण गाडी भरत असेल तर ती सुटेपर्यंत हलू नका. भोंगा वाजला, घुमघुम चढत गेली, कपलिंग एकामागून एक ताणली गेली, आणि भरलेल्या वाघिण्या इतक्या सावकाश पुढे गेल्या की प्रत्येक चाकाचा ठोका वेगळा मोजता आला.