सेडानला एअर इनटेक लावायचा असेल तर आधी नागपूरचा मे महिना आठवा

मागच्या दोन महिन्यांत तीन जणांनी विचारलं की भाऊ, गाडीला कोणता इनटेक (म्हणजे इंजिनला हवा पोचवणारा पाईप आणि फिल्टर) लावू, तर म्हटलं एकदा बसून नीट लिहूनच टाकतो. फोनवर सांगायला घेतलं की अर्धा तास जातो आणि शेवटी समोरचा म्हणतोच, "ते सगळं बराबर आहे, पण आवाज कसा येते ते सांग ना."

आवाज मस्त येतो. ते आधीच कबूल करतो. पण मला जे सांगायचंय ते आवाजानंतरचं आहे.

माझी गाडी 2013 ची होंडा सिटी, 1.5 आय-व्हीटेक पेट्रोल, मॅन्युअल. बाबांनी घेतली होती, आता माझ्याकडे आहे. कागदावर 118 पीएस आणि तेही 6600 आरपीएमला, म्हणजे हे इंजिन खाली शांत असतं आणि 4500 च्या वर गेलं की जागं होतं. असं इंजिन हातात असलं की त्याला अजून मोकळा श्वास द्यावा असं वाटतंच, मलाही वाटलं. बाबा तेव्हाच म्हणाले होते, "चांगल्या गाडीले काहून हात लावून रायला?" मी ऐकलं नाही.

आधी थोडा हिशोब, कारण यावरच पुढचं सगळं उभं आहे. दीड लिटरचं फोर स्ट्रोक इंजिन दोन फेऱ्यांमागे साधारण दीड लिटर हवा ओढतं, म्हणजे 6000 आरपीएमला (मिनिटाला 6000 फेऱ्या) पूर्ण थ्रॉटल दिला, म्हणजे ॲक्सिलरेटर पूर्ण दाबला, तर मिनिटाला जवळपास 4500 लिटर. घरी येतात ते पाण्याचे 20 लिटरचे जार डोळ्यासमोर आणा, असे सव्वादोनशे जार, एका मिनिटात. ही सगळी हवा एका चौकोनी कागदी फिल्टरमधून जाते, म्हणून लोकांना वाटतं की फिल्टर मोकळा केला की गाडी सुटेल. पण कंपनीने तो फिल्टर आणि डबा याच 4500 लिटरचा विचार करूनच बनवलेला असतो, आणि शहरात आपण थ्रॉटल पंधरा-वीस टक्के उघडून चालवतो, तेव्हा हवा अडते ती थ्रॉटलच्या झडपेपाशी, फिल्टरपाशी नाही. त्यामुळे इनटेक बदलून मायलेज वाढतं वगैरे जे सांगतात ते इंजेक्शनच्या गाड्यांत होत नाही. टॉप एंडला, म्हणजे वरच्या आरपीएमला, थोडासा फरक पडू शकतो, पण हवा थंड असेल तरच.

आणि इथेच नागपूर मधे येतं.

मी पहिल्यांदा लावला तो कोन फिल्टर, म्हणजे स्टॉक (कंपनीचा मूळ) डबा काढून टाकायचा आणि छोट्या ॲल्युमिनियम पाईपवर उघडा मशरूम लावायचा, ज्याला शॉर्ट रॅम म्हणतात. दुकानात अर्ध्या तासात काम झालं. लावणारा म्हणाला, "आता पाहा, गाडी उडते." आणि खरंच, वर्धा रोडला तिसऱ्या गिअरमध्ये दाबली तेव्हा असा आवाज आला की अंगावर काटा आला. स्टॉक डब्यासोबत एक रेझोनेटर असतो, नुसती पोकळ पेटी, तिचं कामच इनटेकचा आवाज गिळणं, ती निघाली की तो सगळा आवाज केबिनमध्ये येतो. आणि आवाज वाढला की गाडी जोरात पळतेय असं वाटतं, हा मनाचा खेळ आहे पण फार जबरदस्त आहे, मी दोन महिने त्यातच होतो.

मग मे लागला. दुपारी एसी लावून व्हरायटी चौकाच्या सिग्नलला उभं राहून निघालो की पहिली दोनशे-तीनशे मीटर गाडी मेल्यासारखी. आधी वाटलं क्लच गेला. मग एका मित्राचा ब्लूटूथ ओबीडी स्कॅनर लावला, तो गाडीच्या कॉम्प्युटरमधले आकडे वाचतो, मोबाईलवर इनटेक एअर टेंपरेचर दिसतं त्यात. बाहेर 44, चालत्या गाडीत 56-57, आणि सिग्नलला आकडा चढत चढत 76 वर गेला. नंतर एका रविवारी फक्त तुलना करायला स्टॉक डबा परत बसवला आणि तोच रस्ता, तीच वेळ, तर चालताना 49-50 आणि सिग्नलला 60 च्या आत. गरम हवा पातळ असते. 50 अंशांची हवा 75 ला नेली तर तिची घनता साधारण 7 टक्क्यांनी कमी होते, म्हणजे सिलिंडरमध्ये तेवढा ऑक्सिजन कमी. वर ईसीयू, म्हणजे इंजिनचा कॉम्प्युटर, नॉकिंग (पेट्रोल अवेळी भडकणं) होऊ नये म्हणून इग्निशन टायमिंग, म्हणजे ठिणगीची वेळ, मागे घेतो, तो तोटा वेगळा. म्हणजे पैसे देऊन मी गाडी कमजोर करून घेतली होती.

नागपूरकरांना हे समजवायला मी कूलरचंच उदाहरण देतो. कूलर खिडकीत बाहेरच्या बाजूने लावला तर घर गार होतं. तोच कूलर दारं-खिडक्या बंद करून खोलीच्या आत ठेवला तर? मोटर तीच, पाणी तेच, वुडवूल नवीन, तरी अर्ध्या तासात घुसमट, कारण तो आतलीच दमट हवा पुन्हा पुन्हा ओढतो. उघडा कोन फिल्टर बोनेटच्या आत लावणं म्हणजे तेच. बाहेर 45 आहे हे वाईटच, पण बोनेटच्या आत त्याहून वाईट आहे, आणि कंपनीचा तो कुरूप काळा प्लास्टिकचा पाईप जो पुढच्या बाजूने हवा घेतो तो आपला खिडकीतला कूलर आहे. डिसेंबरात पहाटे काटोल रोडला गाडी वेगळीच हलकी वाटते ना, ते त्यामुळेच, तेव्हा कुठलंही पार्ट न लावता थंड, घट्ट हवा फुकट मिळत असते.

काही किटमध्ये हीट शिल्ड म्हणून एक पत्रा देतात. तो तीन बाजूंनी बंद आणि वर बोनेटला रबराने टेकणारा असेल तर उपयोग आहे, नुसता एका बाजूला उभा केलेला पत्रा असेल तर दहा मिनिटांत तोच तापून बसतो.

पण उष्णतेचं एक वेळ चाललं असतं, मी कोन काढला तो धुळीमुळे. तो दिवस अजून डोळ्यासमोर आहे. चार महिने झाले होते, थ्रॉटल बॉडी साफ करायची म्हणून घरीच पाईपचा क्लॅम्प सोडला, आणि सहज बोट आत फिरवलं. फिल्टरच्या पुढच्या, म्हणजे इंजिनकडच्या बाजूला. बोटाच्या टोकावर बारीक तपकिरी पीठ. तोंडाला लावायच्या पावडरीसारखं मऊ, पण दोन बोटांत चोळलं की कचकच लागत होतं. मग बाबांच्या जुन्या पांढऱ्या बनियनचा तुकडा आणून पूर्ण पाईप पुसला तर कापडावर एक लांब मातकट पट्टा उमटला. हे सगळं फिल्टरमधून पार होऊन आलेलं, आणि पाईपला चिकटलं ते एवढं, तर आत किती गेलं असेल?

ही कचकच म्हणजे सिलिका, वाळूच. क्वार्ट्झची कठीणता मोह स्केलवर 7, लोखंडापेक्षा जास्त. डोळ्यांना दिसणारी जाड धूळ तर कुठलाही फिल्टर अडवतो, त्रास देतात ते पाच ते वीस मायक्रॉनचे कण, केसाच्या जाडीपेक्षाही कितीतरी बारीक, जे पिस्टन रिंग आणि सिलिंडरच्या मधल्या ऑईलच्या थरात जाऊन बसतात आणि पॉलिश पेपरसारखं घासत राहतात. आणि आपल्या शहरात धुळीची कमी आहे का? उड्डाणपुलांची आणि सिमेंट रोडची कामं कुठे ना कुठे चालूच, उन्हाळ्यात दुपारी वावटळी, कोराडी-खापरखेड्याकडे गेलं तर वीज केंद्रांच्या राखेचे ट्रक. चांगला कागदी फिल्टर बारीक धूळ फार नीट अडवतो. कॉटनचा ऑईलवाला फिल्टर थोडी जास्त हवा सोडतो, पण सोबत थोडी जास्त धूळही सोडतो, आणि माझा कोन तर स्वस्तातला, ब्रँडचं नाव छापलेला पण नकली, हे मला नंतर कळलं. बाकी ठिकाणी ज्या भावात मिळतो त्याच्या निम्म्यात कुणी मोठ्या ब्रँडचा फिल्टर देत असेल तर घेऊ नका.

अजून एक गोष्ट दुकानदाराने केली होती. इंजिनच्या व्हॉल्व्ह कव्हरवरून एक ब्रीदर पाईप (इंजिनच्या आतली ऑईलची वाफ बाहेर काढणारा) इनटेकला येतो, किटच्या पाईपला त्यासाठी नळीच नव्हती, तर त्याने तो सोडून त्याच्या तोंडावर अंगठ्याएवढा फिल्टर लावून दिला. दोन आठवड्यांत तो ऑईलने ओला, बोनेटमध्ये चिकट वाफ, सिग्नलला एसीतून जळक्या ऑईलचा वास. किट घ्यायचाच असेल तर ब्रीदरची नळी पाईपला जोडलेली आहे का हे पहिलं बघा.

मग कोल्ड एअर इनटेक, म्हणजे लांब पाईप आणि फिल्टर खाली बंपरच्या मागे. तांत्रिकदृष्ट्या हा बरोबर, हवा बाहेरची, तापमान कमी. पण नागपुरात मी कुणालाच सांगणार नाही आणि याचं कारण 23 सप्टेंबर 2023. रात्रीतून काही तासांत शंभर मिलिमीटरच्या वर पाऊस झाला, अंबाझरी तलाव ओव्हरफ्लो झाला, नाग नदी घरांत शिरली, डागा लेआउटपासून सीताबर्डीपर्यंत काय हाल झाले ते सगळ्यांनी पाहिलं. माझ्या एका मित्राने सकाळी पाणी उतरत असताना गाडी बाहेर काढली. पाणी बंपरच्या खालच्या कडेपर्यंतच होतं, आजूबाजूने साध्या गाड्या हळूहळू निघत होत्या, पण याचा फिल्टर फॉग लॅम्पच्या मागे होता. फिल्टरमधून पाणी थेट इंजिनमध्ये ओढलं गेलं, एक ठक्क आवाज आणि इंजिन जाम. पाणी दाबलं जात नाही, पिस्टन वर येतो, जागा मिळत नाही, कनेक्टिंग रॉड वाकतो. साध्या विमा पॉलिसीत हे बहुतेक वेळा बसत नाही, इंजिन प्रोटेक्टचा ॲड-ऑन वेगळा घ्यावा लागतो, आणि वरून बाहेरचा पाईप दिसला की विमा कंपनीच्या सर्व्हेअरचे प्रश्न सुरू. लोहा पूल आणि नरेंद्र नगरच्या पुलाखालचे रस्ते दर पावसाळ्यात कसे भरतात हे काय सांगायचं. तसंही मोटार वाहन कायद्याच्या कलम 52 नुसार मूळ स्पेसिफिकेशनमध्ये मनाने बदल करता येत नाहीत, 2019 मध्ये सुप्रीम कोर्टानेही तेच सांगितलं, तर हेही ध्यानात ठेवा.

मग घ्यायचं काय? ज्यांना काहीतरी करायचंच आहे त्यांनी स्टॉक डबा तसाच ठेवून चांगल्या कंपनीचा पॅनल फिल्टर, म्हणजे त्याच डब्यात बसणारा चौकोनी फिल्टर, घ्यावा. हवा बाहेरचीच राहते, पावसाची भीती वाढत नाही, परत जायचं तर पाच मिनिटांचं काम. दुकानातच डब्यात बसवून बघा, रबराची कड चारही बाजूंनी दबते का, कोपऱ्यात नख शिरतं का. नख शिरलं तर त्या फिल्टरला अर्थ नाही, कारण हवा फिल्टरच्या कागद-कापडातून न जाता त्या फटीतूनच जाईल. कॉटनचा असेल तर धुवायचा आतल्या बाजूने बाहेर, हलक्या पाण्याने, सावलीत वाळवायचा (मेमध्ये सावलीतही पटकन वाळतो, उन्हात टाकायची गरजच नाही), आणि ऑईल प्रत्येक घडीवर एक बारीक रेघ, बस. जास्त ऑईल झालं की मॅफ सेन्सर (आत येणारी हवा मोजणारा) असलेल्या गाड्यांत त्याच्या तारेवर जाऊन बसतं आणि आयडलिंग, म्हणजे उभ्या गाडीतलं इंजिनचं चालणं, बिघडतं. फिल्टरला कंप्रेसरची हवा मारू देऊ नका, कागदीला पण नाही. हे आपल्याकडे सगळे मेकॅनिक करतात, गाडी आली की फिल्टर काढला, आपटला, नोझल लावून फुर्र केलं, त्याने कागदाला न दिसणारी भोकं पडतात.

टर्बो पेट्रोलवाल्यांचं वेगळं आहे. रिमॅप करून, म्हणजे ईसीयूचं सॉफ्टवेअर बदलून, बूस्ट (टर्बोचा हवेचा दाब) वाढवला असेल तर इंजिनची हवेची भूक खरंच वाढते, तिथे बंद डब्याचा मोठा इनटेक कामाचा आहे, तेव्हा रिमॅप करणाऱ्या ट्यूनरला विचारूनच घ्या. उघडा कोन तिथेही नको.

मी स्वतः शेवटी कागदी फिल्टरवरच आलो. कंपनीचा, चार-साडेचारशे रुपयांचा. मॅन्युअलमध्ये लिहिलंय त्याच्या निम्म्या अंतरावर बदलतो, एक होळीनंतर आणि एक पावसाळा संपला की. डब्याच्या तळाशी साचलेली माती ओल्या फडक्याने पुसून घेतो, क्लिप नीट बसल्या की नाही बघतो आणि झालं. समृद्धीवर 120 ला गाडी जशी आधी जायची तशीच जाते, आणि मेच्या दुपारी सिग्नलवरून पुन्हा पहिल्यासारखी उठते. मागच्या रविवारी पाईप सोडून पांढरं कापड आत फिरवलं होतं, तसंच पांढरं बाहेर आलं.

तो कोन माळ्यावर खोक्यात आहे. दोघांनी विकत मागितला. नाही दिला.