महापौरीण

स्मरणिकेसाठी दोन शब्द लिहा, असं पत्र आलं आणि शाळेच्या आधी बाईच आठवल्या. आठवी ब, १९७६. कुठल्या बाई, हे आपल्यापैकी कुणाला सांगायला नको.

दरवर्षी ९ ऑगस्टला त्या आम्हाला केनेडी पुलावरून, नाना चौकातून चालवत गोवालिया टँकला नेत. छत्र्या, चिखल, बुटांचा सत्यानाश. १९४२ साली बाई बारा वर्षांच्या होत्या, वडिलांबरोबर त्याच मैदानात. पुढारी पहाटेच पकडले गेले होते आणि तेहतीस वर्षांच्या अरुणा असफ अलींनी झेंडा फडकावला. "अश्रुधुरानं डोळे इतके चुरचुरले की झेंडा काही मला दिसला नाही," हेही बाई सांगून टाकत.

त्या वर्षी निबंध अरुणाबाईंवरच होता. मी पाठ केलेलं सगळं ओतलं. भूमिगत झाल्या, पकडून देणाऱ्याला ५,००० रुपयांचं इनाम लागलं, खुद्द गांधीजींनी हजर व्हायला सुचवलं तरी बधल्या नाहीत, १९४६ साली वॉरंट रद्द झालं तेव्हाच बाहेर आल्या. शेवटी ऐटीत लिहिलं, '१९५८ साली त्या दिल्लीच्या पहिल्या महापौरीण झाल्या.'

बाईंनी मला उभं केलं.

"पाटलीण म्हणजे कोण गं?"

"पाटलाची बायको."

"मामलेदारीण?"

"मामलेदाराची."

"मग ही ज्याची बायको, तो दिल्लीचा महापौर कोण?"

वर्ग खो खो हसला. मी 'पहिल्या महिला महापौर' अशी दुरुस्ती केली, तर तीही कापली. दिल्ली महानगरपालिकाच त्या वर्षी झाली. अरुणाबाईंच्या आधी त्या खुर्चीत पुरुषही बसला नव्हता. "नुसतं 'पहिल्या' लिही. आपल्या मुंबईत १९५६ साली सुलोचना मोदी झाल्या, तिथं 'महिला' घाल." निबंधाला दहापैकी चार.

पुढे मी पाणीपुरवठ्याच्या कामात ३४ वर्षं काढली, कार्यकारी अभियंता म्हणून निवृत्त झाले. (हे छापाच, आईला दाखवायचंय.) पहिल्याच दिवशी पंपघरावरच्या माणसानं विचारलं, "साहेब मागून येतायत का?" मला हसूच फुटलं. त्या बिचाऱ्याला कारण कळणं शक्य नव्हतं.

आता आपल्या त्या वर्गात फळा नाही, पडदा आहे म्हणे. पडद्यावर लाल शाईनं कोण कापणार?

अरुणाबाई १९९६ साली गेल्या, दुसऱ्या वर्षी त्यांना मरणोत्तर भारतरत्न मिळालं. त्यानंतर कामासाठी दिल्लीला गेले असताना टॅक्सीतून 'अरुणा असफ अली मार्ग' ही पाटी दिसली. मी तिथूनच एसटीडी बूथ गाठून बाईंना फोन लावला. गळा दाटून आला होता, धड बोलताही येईना.

बाईंनी ऐकून घेतलं आणि विचारलं, "अगं, 'असफ'मधला 'स' नीट लिहिलाय ना? की 'श' केलाय?"

मी टॅक्सी परत फिरवली.