मोडायला आलेली पुतळ्यांची माळ

जून महिन्यात कोल्हापूरच्या गुजरीत, म्हणजे सराफ बाजारात, डाग (दागिने) घ्यायला कमी आणि मोडायला जास्त लोक येतात. कॉलेजच्या फिया, बी-बियाणं, खतं, सगळं एकदम अंगावर येतं. त्या दिवशी दुपारपासून पावसाची झड लागली होती, माझ्या पेढीवर गिऱ्हाईक नव्हतं. कागलकडच्या एक आजी आणि त्यांची सून भिजतच आत आल्या. आजींनी पिशवीतून फडक्याची गाठोडी काढून सोडली. पुतळ्यांची माळ होती. एकवीस पुतळ्या, म्हणजे नाण्यासारख्या सोन्याच्या चकत्या, आणि रेशीम पार काळं पडलेलं.

"नातवाचं ॲडमिशन हाय, अण्णा. मोडून टाका."

माळ कुणाची म्हणून विचारलं. "आमच्या आजेसासूबाईंची. त्यांच्याबी आधीची आसंल."

मी धागा कापला आणि पुतळ्या ताटलीत ओतल्या. अठरा पातळ होत्या, बोटाने दाबलं तर लवतील अशा. तीन मात्र जाड, कडा झिजून गुळगुळीत झालेल्या, रंगाने पिवळ्याधमक. कसोटीवर घासल्या तर रेघेतच फरक दिसला. कडी जोडलेल्या डाकाची जागा सोडून कस मोजायच्या मशीनवर धरल्या. अठरांचा कस नव्वदच्या आसपास आला, त्या तिघींचा नव्व्याण्णवच्या वर. वजन प्रत्येकी साडेतीन ग्रॅमच्या आगेमागे, कडीसकट.

आता हात थांबला. बरीच वर्षं झाली, अशीच एक जाड पुतळी मी मुशीत घालून वितळवली होती. ती काय होती ते पुढे नाण्यांचा नाद असलेल्या एका गिऱ्हाइकाने दुसऱ्या पुतळीवर दाखवलं, तेव्हा कळलं. तेव्हापासून जाड पुतळी दिसली की मी आधी भिंग काढतो.

भिंगाखाली एका बाजूला दोन माणसं. डावीकडचा उभा, उजवीकडचा गुडघे टेकलेला, दोघांच्या मध्ये निशाणाची काठी. दुसऱ्या बाजूला बदामाच्या आकाराच्या चौकटीत उभी आकृती, भोवती चांदण्या. कडेने रोमन अक्षरं. पातळ पुतळ्यांवर चित्र तेच, पण अक्षरांच्या जागी नुसत्या उभ्या-आडव्या रेघा, कारण ज्याने ठसा कोरला त्याला ती लिपी वाचता येत नव्हती. जाड पुतळीवर मात्र एकेक अक्षर लागत गेलं: लुडोव. मानिन.

लुडोविको मानिन हा व्हेनिसचा शेवटचा डोजे, म्हणजे तिथल्या प्रजासत्ताकाचा निवडून दिलेला प्रमुख. १७८९ला गादीवर आला आणि मे १७९७मध्ये नेपोलियनच्या धाकाने ते प्रजासत्ताकच बुडालं. म्हणजे हे नाणं त्या आठ वर्षांतलं. इकडे १७९५ला खर्ड्याची लढाई झाली, साधारण त्याच काळात तिकडे इटलीत कुणीतरी या चकतीवर घण मारला होता.

व्हेनिसने हे डुकाट नावाचं सोन्याचं नाणं १२८४पासून पाडलं. पाचशे वर्षांत ना वजन फारसं हललं, ना कस, ना चित्र. चित्र न बदलण्यातच शहाणपण होतं. कैरोतला, सुरतेतला, मलबारातला व्यापारी अक्षरं वाचत नव्हता, तो गुडघे टेकलेला माणूस ओळखत होता. मिरी आणि कापडाच्या बदल्यात ही नाणी तांबड्या समुद्रातून आपल्या किनाऱ्याला लागायची. व्हेनिसच्या टांकसाळीचं नाव झेक्का, म्हणून नाण्याला झेक्किनोही म्हणत. हा झेक्का अरबी सिक्का या शब्दातून आलेला, आणि आपला शिक्काही तिथूनच. मला या गोष्टीचं फार अप्रूप वाटतं. (तसा कोल्हापूरचा आणि समुद्रापलीकडच्या त्या मुलखाचा संबंध याहून कितीतरी जुना. ब्रह्मपुरीच्या टेकडीत सापडलेली पोसायडन या ग्रीक समुद्रदेवाची ब्राँझची छोटी मूर्ती टाऊन हॉलच्या म्युझियममध्ये आहे.)

आपल्याकडे आल्यावर हे नाणं नुसतं बाजारात फिरलं नाही. सोनं इतकं चोख की लोकांनी कडी डाकून गळ्यातही घातलं, आणि नाणं कमी पडू लागलं तसे आपल्या कारागिरांनी ठसे कोरले. आज कोल्हापुरात पुतळीहार म्हणून जो डाग विकला जातो, त्याची ही मूळ पुतळी.

आजींना भिंग दिलं. त्यांनी बराच वेळ पाहिलं.

"ह्ये राम-सीता न्हवं?"

मी सांगितलं, उभा आहे तो संत मार्क, व्हेनिसचा रक्षणकर्ता. गुडघे टेकलेला तिथला प्रमुख, त्या संताच्या हातून राज्याचं निशाण घेतोय. मागच्या बाजूला येशू.

आजी गप्प झाल्या. मलाच वाटलं, उगाच सांगितलं. चार पिढ्या बायकांनी ज्यांना राम-सीता म्हणून हळद-कुंकू लावलं, त्यांचं नाव मी पावसाळी दुपारी बदलून ठेवलं. मग सुनेने विचारलं, "याचं जास्त येईल का?" खरं तेच सांगितलं: मी सोन्याचाच भाव देणार, एखादा जाणकार संग्राहक जास्त देईल, पण मोडलं की नाणं उरत नाही. अठरा पुतळ्यांचा हिशेब करून आकडा सांगितला. फीच्या पहिल्या हप्त्याला थोडे कमी पडत होते. दोघी कोपऱ्यात जाऊन बोलल्या. सुनेने हातातल्या दोन बांगड्या काढून काट्यावर ठेवल्या.

अठरा पुतळ्या आणि बांगड्या मुशीत गेल्या. पोराला पाठवून पटवेकऱ्याकडून उरलेल्या तीन पुतळ्या लाल रेशमात गाठवून आणल्या. आजींनी त्या तिथेच गळ्यात घातल्या आणि पदर ओढून घेतला.

"मी राम-सीताच म्हणणार," त्या मला म्हणाल्या. मग सुनेकडे वळल्या, "पर त्या मानसाचं नाव लिहून घे. पोराला दावू."

सुनेने पावती उलटी करून माझ्यापुढे धरली. मी मागे लिहून दिलं: लुडोविको मानिन, व्हेनिस, १७८९ ते १७९७.